प्रश्न तुमचे, उत्तर डॉक्टरांचे : पाचव्या महिन्यात व्यायाम चालू ठेवावा का?

प्रश्न : माझे वय २९ वर्षे असून मला पाचवा महिना सुरू आहे. ही माझी पहिलीच खेप आहे. पूर्वी मी रोज चालत असे आणि आठवड्यातून दोनदा हलक्या वजनांचा व्यायाम करीत असे. आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आहेत. तरीही सासूबाई पूर्ण विश्रांती घ्यायला आणि दोघांचे जेवायला सांगतात. व्यायाम चालू ठेवावा का आणि आहार किती वाढवावा? लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून त्या बंद केल्या तर चालेल का?

उत्तर : तुमची गर्भावस्था सुरळीत असेल, तर व्यायाम सोडण्याचे कारण नाही. सासूबाईंच्या सल्ल्यामागे काळजी आहे, परंतु अंथरुणावर पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. उलट स्नायू अशक्त होतात आणि पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका, जो गर्भारपणात मुळातच वाढलेला असतो, आणखी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भवतींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची शिफारस केली. या काळात विश्रांती घेतानाही नाडी जलद चालते, त्यामुळे ठोके मोजण्यापेक्षा सोपी कसोटी अशी की व्यायाम करताना तुम्हाला बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. वजनांचा व्यायामही करता येईल. मात्र श्वास रोखून वजन उचलू नये. दीर्घकाळ उताणे झोपून करायचे प्रकार आता टाळावेत, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार खालच्या अंगातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि चक्कर येऊ शकते. शरीराचा तोल पुढे सरकत असल्याने पडण्याची किंवा पोटावर आघात होण्याची शक्यता असलेले खेळही नकोत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळले जाणारे स्नायू आवळून सैल सोडणे, मात्र आवर्जून करावा. पुढे नकळत लघवी होण्याचा त्रास त्याने कमी होतो. (तो प्रत्यक्ष लघवी करताना करू नये.)

दोघांचे जेवण्याची गरज नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे जादा ऊर्जा लागत नाही, दुसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे ४५० कॅलरी अधिक लागतात. एवढी भर एखाद्या पौष्टिक मधल्या खाण्याने पडते. खाण्याच्या प्रमाणापेक्षा डाळी, दूध, अंडी, पालेभाज्या आणि फळे यांतून मिळणाऱ्या प्रथिने, लोह व कॅल्शियम यांकडे लक्ष असावे. न तापवलेले दूध आणि कच्चे मांस वर्ज्य करावे. चहा-कॉफीतून मिळणारे कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे.

गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. गर्भावस्थेत रक्ताचे एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते आणि त्यासाठी लागणारे लोह केवळ आहारातून मिळणे बहुतेकींना कठीण जाते. बद्धकोष्ठाला गोळीइतकीच गर्भावस्थेतील संप्रेरकेही (हार्मोन्स) कारणीभूत असतात, कारण त्यांच्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते. भरपूर पाणी, तंतुमय पदार्थ आणि तुमचे रोजचे चालणे यांचा उपयोग होईल. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलून देतील. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये.

वार (गर्भाचे पोषण करणारा, नाळेने त्याला जोडलेला अवयव) गर्भाशयात खाली असणे, गर्भाशयाचे तोंड सैल असणे, रक्तदाब वाढलेला असणे किंवा तीव्र रक्तक्षय असणे, यांपैकी काही पुढील तपासणीत आढळले, तर वरील सल्ला लागू नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. व्यायाम करताना रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा नियमित कळा सुरू होणे यांपैकी काहीही झाले, तर लगेच थांबून रुग्णालयाशी संपर्क साधावा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चालण्याने आखडली असेल असे समजून चोळत बसू नये, ती वर सांगितलेली रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून त्याच दिवशी दाखवून घ्यावी.