गोचिडांचा अभ्यास म्हणजे नुसती फवारणी नव्हे

तुमचा प्रश्न असा: बारावी सायन्स झालीय, घरी गाई आहेत, गोचीड-माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगांचा अभ्यास करायचाय, पण फवारणीपलीकडे त्यात शिकण्यासारखं काय आहे?

खूप आहे. मी परजीवीशास्त्रातच काम करते. माझ्या मते हा अभ्यास गाईच्या अंगापेक्षा गोठ्याच्या भिंतीपाशी सुरू होतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते, भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. अंगावर मारलेलं औषध तिथवर पोचतच नाही.

मग जात ओळखायची. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड पिल्लाचा मोठा होईपर्यंत एकाच गाईवर राहतो, साधारण तीन आठवडे. गाय बदलतच नाही, तर रोग दुसरीला जातो कसा? बबेसिया या गाईच्या रक्तात रोग करणाऱ्या परजीवीचे जंतू मादीकडून अंड्यांत उतरतात आणि नवी पिल्लं ते घेऊनच बाहेर येतात! अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबर्न यांनी १८९३ साली हे मांडलं. रॉनल्ड रॉस यांना डासात मलेरियाचा जंतू सापडला तो त्यानंतर, १८९७ साली. मला आजही हे काम थक्क करतं.

हायलोमा या दुसऱ्या जातीच्या गोचिडाचं उलट. तो लहानपणी एका जनावरावर रक्त पितो, मोठा झाल्यावर दुसऱ्यावर चढतो. आपल्या संकरित गाईंना गाठणारा थायलेरिया हा रक्तातला परजीवी असा पसरतो, अंड्यांतून नाही. म्हणून बाजारातून आणलेली गाय आधी वेगळी बांधून तपासायची. लम्पीत चावऱ्या माश्या आणि डास येतात. तिथे ओला शेण-कचरा आणि साचलेलं पाणी बघावं लागतं.

औषधाला न जुमानणारे गोचीड हा आजचा सगळ्यात निकडीचा विषय आहे. अंदाजे मात्रा आणि वर्षानुवर्षं तेच औषध, यातून ते तयार होतात. प्रयोगशाळेत औषध लावलेल्या कागदी पाकिटात पिल्लं ठेवून किती मेली ते मोजतात. या कामाला माणसं हवी आहेत.

वाट सांगायची तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग परजीवीशास्त्रात एम.व्ही.एस्सी. मुंबई, परभणी, शिरवळ, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत.

तोवर फुगलेली मादी चिमट्याने बाटलीत घ्या, तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा, रोज नोंद ठेवा. पिल्लं निघायच्या आत बाटलीत उकळतं पाणी ओता. हाताने मात्र गोचीड कधीच चिरडू नका. हायलोमातून माणसाला क्रायमियन-काँगो ताप होतो, २०११ साली गुजरातमध्ये त्याने माणसं दगावली आहेत.