विसरण्याची वही

"मॅडम, हल्ली काही लक्षातच राहत नाही. अल्झायमरची सुरुवात तर नसेल ना?"

पन्नाशीच्या आसपासची माणसं हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात, त्यात बायका जास्त. कुणी मुलीच्या लग्नाचं बोलायला आलेलं असतं, कुणी सासूबाईंच्या आजारपणाचं. वेळ संपते, पर्स खांद्याला लावून उभ्या राहतात आणि मग आवाज खाली आणून हे विचारतात. कॅन्सरबद्दल आपण आता चारचौघांत बोलू लागलो आहोत. स्मृतिभ्रंशाचं नाव मात्र अजून कुजबुजूनच घेतलं जातं. म्हणून एका बाईंची गोष्ट इथे सांगते आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शैलजाताई छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. वय त्रेपन्न. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. तारीख, वार, वेळ आणि पुढे काय विसरलं ते. 'सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत.' 'आठवी ब वर हजेरीपट न घेता गेले.' 'रात्री गोळी घेतली का? आठवत नाही.' जास्त भीती वाटलेल्या नोंदींखाली लाल शाईची रेघ.

एक अख्खं पान एकाच प्रसंगाचं होतं. शाळेतल्या एका बाईंचा निरोप समारंभ होता आणि भाषण शैलजाताईंनी करायचं होतं. माईक हातात घेतला आणि त्या बाईंचं नावच आठवेना.

"क वरून आहे, तीन अक्षरी आहे, शेवटी ळा आहे, एवढं सगळं कळत होतं मॅडम. नाव तेवढं येईना. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्लाय आम्ही!"

"मग कधी आठवलं?"

"घरी जाताना, रिक्षात. सिग्नलला थांबलो होतो. कोकिळा. आपोआप आलं."

"मग बरं वाटलं?"

"नाही. रडू आलं. आईचं असंच सुरू झालं होतं."

त्यांच्या आईला शहात्तराव्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं होतं. शेवटी शेवटी त्या लेकीला ओळखत नसत, पण जात्यावरच्या ओव्या अख्ख्या म्हणत. शैलजाताईंना हे कोडं उलगडत नव्हतं आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे विसरण्याची तक्रार आली की मी आधी फिजिशियन आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते आणि तिथून उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. थायरॉइड कमी असेल तरी विसरायला होतं. बी-12 कमी असेल तरी होतं आणि शाकाहारी घरांत ते सर्रास कमी सापडतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही सापडतं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीसुद्धा डोकं जड राहतं. पाळी जाण्याच्या काळात रात्री घाम येऊन झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी शब्द सापडत नाहीत. शैलजाताईंचं बी-12 कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. न्यूरॉलॉजिस्टनी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या, सगळं वयाप्रमाणे ठीक होतं. तरी त्या परत आल्या, वहीसकट.

"रिपोर्ट आत्ताचा आहे मॅडम. उद्याचं कोण सांगणार?"

त्या दिवशी मी त्यांना वही वाचून दाखवायला सांगितलं. त्या वाचू लागल्या, पण थोड्या वेळाने वहीकडे बघायचंही सोडून दिलं. कुकरचा दिवस कुठला होता, डाळ कुठली होती, फोन कुणाचा आला होता, सगळं घडाघडा सांगत होत्या.

मी विचारलं, "ही वही तुम्ही कधी लिहिता?"

"रात्री, झोपायच्या आधी."

"म्हणजे दिवसभरात जे जे विसरलं, ते सगळं रात्री आठवतं?"

त्या गप्प झाल्या.

"आईंनी कधी अशी वही लिहिली होती?"

"आई? आई कसली लिहिते! ती तर म्हणायची, मला काही झालेलं नाही, तुम्हीच मला वेडी ठरवताय." आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यासारख्या त्या थांबल्या. पुष्कळ वेळ. मीही काही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे: अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की समोरच्याच्या हाती लागलेलं निसटतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "तिला ती विसरल्याचंच कळत नव्हतं. मला तर प्रत्येक विसरणं पाठ आहे."

अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग सुरुवातीलाच आजाराच्या तडाख्यात सापडतो, तो कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक असलेला हिपोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा पट्टा. नुकतं घडलेलं नोंदवून टिकाऊ करण्याचं काम तिथे सुरू होतं. हे आपल्याला कळलं ते मुख्यतः हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे. 1953 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फिट्स थांबाव्यात म्हणून त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, लहानपणही आठवत होतं. पण नवा अनुभव टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षं त्यांना भेटत राहिल्या आणि दर वेळी त्या त्यांना अनोळखीच असायच्या. याच माणसाला मिल्नर यांनी आरशात बघून तारा गिरवायला दिला, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. आपण हे आधी केलंय, याचा मात्र त्यांना पत्ताच नसे. आठवण म्हणजे एकच गोष्ट नाही, हे तिथे स्पष्ट झालं. हाताला आणि जिभेला लागलेलं वळण वेगळ्या वाटेने टिकतं आणि लहानपणापासून घोकलेलं जुनं सहसा उशिरा जातं. आईंच्या ओव्यांचं कोडं मी शैलजाताईंना असं समजावलं. विज्ञानाच्या शिक्षिका त्या, मान हलवत ऐकत होत्या.

इथे एक सांगायलाच हवं. 'मला माझं विसरणं कळतंय, म्हणजे मला काही नाही,' असा सरळ हिशेब घरच्या घरी मांडू नका. काहींना अगदी सुरुवातीला स्वतःतला बदल जाणवतो. आईंच्या वहीचा तो प्रश्न मी विचारू शकले कारण तपासण्या आधी झाल्या होत्या.

राहिलं कोकिळाबाईंचं नाव. 1966 साली हार्वर्डमध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी नेमक्या याच अवस्थेचा अभ्यास केला. जिभेवर आहे पण येत नाही, अशा वेळी पहिलं अक्षर कोणतं आणि शब्द केवढा लांब, याचे अंदाज लोकांना अनेकदा बरोबर सांगता येतात. शैलजाताईंनी माईकसमोर तेच केलं होतं. नाव आत सुखरूप होतं, तिथवरची वाट तेवढी त्या क्षणी बंद होती. त्यातून विशेषनामं मुळातच अवघड. 1987 सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात एकच शब्द काही चेहऱ्यांसोबत आडनाव म्हणून सांगितला, काहींसोबत व्यवसाय म्हणून. व्यवसाय पटकन आठवला, आडनाव नाही. आपल्याकडचं बोलायचं तर, 'हा माणूस सुतार आहे' म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा सगळं डोळ्यांसमोर येतं. 'याचं आडनाव सुतार' म्हटलं की धरायला काहीच नसतं.

"पण किल्ल्या? गोळी? कुकर? ती काही नावं नाहीत," शैलजाताई म्हणाल्या. अगदी रास्त प्रश्न.

मी त्यांना विचारलं, "वीसच्या नोटेच्या मागे कसलं चित्र असतं?"

"हिरवट पिवळी ती नवी नोट ना? मागे... लाल किल्ला?"

"पर्समध्ये असेल तर बघा."

त्यांनी नोट काढून उलटी केली. वेरूळचं लेणं. दरवर्षी शाळेची सहल घेऊन त्या वेरूळला जातात. 2019 पासून ही नोट त्यांच्या हातातून हजारदा गेली असेल, पण चित्र आत उतरलंच नव्हतं, कारण आपण नोटेचा आकडा बघतो. जे लक्ष देऊन पाहिलं नाही, त्याची आठवण तयारच होत नाही आणि तयार न झालेली आठवण हरवू शकत नाही. किल्ल्या फ्रिजवर ठेवताना मन तिथे नसेल, तर संध्याकाळी त्या शोधताना मेंदूकडे देण्यासारखं काही नसतं.

मग वही बंद करायला सांगण्याऐवजी मी तिच्यात एक रकाना वाढवायला सांगितला: ते काम करताना मन कुठे होतं? माझा स्वतःचा ओढा विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. माणसाचं दुःख त्याच्या मनात चाललेल्या वाक्यांमध्ये शोधायचं, ही मला तिथून लागलेली सवय. पुढच्या वेळी शैलजाताईंनी वही स्वतःच उघडून माझ्यापुढे सरकवली. नव्या रकान्यात कुठे 'आई', कुठे 'आज काय विसरेन?', कुठे 'परवाचं नाव', पुन्हा 'आई'. गोळी हातात घेताना त्या मनात म्हणत होत्या, 'आता हीसुद्धा विसरले तर?' गोळी लक्षात राहायला जे लक्ष हवं होतं, ते ही भीतीच खात होती. नोट आणि वही ही दोन साधनं मी नंतरही अनेकांसोबत वापरली आहेत आणि ती मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांत माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, माणसाला ते स्वतःच दिसतं.

त्या भीतीखाली आणखी एक गोष्ट होती, ती हळूहळू वर आली. आई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची तेव्हा शैलजाताई एकदा तिच्यावर ओरडल्या होत्या. "माझी मुलगी माझ्यावर ओरडेल, मॅडम." त्यातून मनाशी नियम झाला होता: मी काही म्हणजे काही विसरता कामा नये. हा 'कामा नये' माईकसमोर त्यांच्या आड आला होता. ताण चढला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि साठवलेलं बाहेर काढणं त्याच वेळी अवघड होतं, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. रिक्षात कुणी ऐकायला नव्हतं, आठवलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती आणि नाव आलं. त्या ओरडण्याबद्दल आम्ही बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

नियमाच्या जागी त्यांनी स्वतःचं वाक्य तयार केलं: 'आठवलं तर बरं, नाही आठवलं तर विचारेन.' नाव अडलं की त्याच्या मागे लागायचं नाही, 'आपल्या बाई' म्हणून पुढे बोलायचं. गॅस बंद करताना तोंडाने म्हणायचं, 'गॅस बंद केला.' किल्ल्यांना एकच खुंटी, गोळ्यांना वारांची डबी. या गोष्टी डोक्यात ठेवायचा हट्ट कशाला? आणि रात्रीची झोप सोडायची नाही, दिवसाच्या आठवणी पक्क्या होण्याचं मोठं काम झोपेतच चालतं. त्या मोबाइलवर रोज स्मरणशक्तीच्या चाचण्या सोडवत होत्या, ते मी बंद करायला लावलं. रोज स्वतःची परीक्षा घेऊन भीती वाढते, बाकी काही नाही.

धास्तीपायी त्या तासाला जाण्यापूर्वी टिपणं पुन्हा पुन्हा वाचत असत. त्याऐवजी एकदा वाचून, वही मिटून, आठवून बोलून बघा म्हटलं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात उतारा चारदा वाचणाऱ्यांना आठवड्याने सुमारे 40 टक्के आठवला. एकदा वाचून तीनदा न बघता आठवणाऱ्यांना 61 टक्के. आठवण बाहेर काढली की ती वाट मजबूत होते. शैलजाताईंनी हे आपल्या दहावीच्या मुलांवरही लागू केलं.

कुणी खरंच काळजी करावी? तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं आठवत नाही. रोजच्या रस्त्यावर चुकायला होतं. वर्षानुवर्षं केलेली भाजी किंवा बँकेचा व्यवहार जमेनासा होतो. स्वभाव बदलतो. स्वतःपेक्षा घरच्यांना आधी जाणवतं. असं असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

शेवटच्या भेटीत शैलजाताईंनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना पहिल्याच दिवशी विचारायचा होता: "आईला होतं, म्हणजे मला होणारच का?"

'नाही' असं छातीठोक सांगणं खोटं ठरलं असतं. आईवडिलांपैकी कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. पण एका जनुकातून थेट उतरणारा अल्झायमर एक टक्क्याहून कमी रुग्णांत असतो आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसतो. आईंचा शहात्तरीतला होता. शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 सालच्या अहवालाने बदलता येण्याजोगे चौदा धोके मांडले आहेत: उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, एकटेपणा, व्यायामाचा अभाव, नैराश्य वगैरे. ते सगळे हाताळता आले तर स्मृतिभ्रंशाची जवळपास 45 टक्के प्रकरणं टळू किंवा पुढे ढकलली जाऊ शकतात, असा त्यांचा अंदाज आहे.

"बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?" मी विचारलं. वहीत ती नोंद कुठेच नव्हती. त्याच आठवड्यात त्यांनी मोजून घेतलं. वरचा आकडा 150 च्या पुढे होता. आता गोळी सुरू आहे आणि ती वारांच्या डबीत ठेवलेली असते.