लेकीला उंदरांच्या पोटाचं ऑपरेशन करायचंय

प्रश्न : माझी मुलगी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बी.व्ही.एस्सी.च्या चौथ्या वर्षाला आहे. तिच्या वेळी माझं सिझेरियन झालं होतं. मागे एकदा अचानक पोट फुगलं, उलट्या थांबेनात. डॉक्टर म्हणाले, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटलीत. पुन्हा पोट उघडावं लागलं. तेव्हापासून मुलीच्या डोक्यात एकच आहे : हे चिकटणं थांबवण्यासाठी प्राण्यांवर जे प्रयोग होतात, त्या संशोधनात जायचं. तिचे बाबा म्हणतात, धरमपेठेत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाक, चार पैसे मिळतील. मला वेगळीच काळजी आहे. जी पोरगी घरातला उंदीरसुद्धा मारू देत नाही, पिंजऱ्यात धरून दूर सोडायला लावते, तिला हे झेपेल का? आणि माझ्या दुखण्यापायी तिनं स्वतःचं आयुष्य ठरवावं का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आईचं दुखणं पाहून मुलीनं विषय निवडला, यात वावगं काही नाही. फक्त तुमची आठवण बाजूला ठेवली तरी तो विषय तिला तेवढाच ओढतो का, हे पाहायला हवं. विषय म्हणून तो भक्कम आहे. १९९९ साली स्कॉटलंडमधल्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना सरासरी दोनदा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं. कारण एक तर हे चिकटणं, नाहीतर असं ऑपरेशन ज्यात ते आड येऊ शकतं. आतडं अडणं, सतत पोट दुखणं, बायकांमध्ये मूल न राहणं, असे त्याचे परिणाम. म्हणजे तुमच्यासारख्या खूप जणी आहेत.

घडतं ते असं. पोटाच्या आतलं नाजूक अस्तर, पेरिटोनियम, ऑपरेशनमध्ये खरचटतं. त्यावर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर येतो. शरीर तो काही दिवसांत विरघळवून टाकतं. पण त्या जागेला रक्तपुरवठा कमी पडला, सूज राहिली, हातमोज्याची पावडर किंवा गॉजचा धागा आत राहिला, तर थर विरघळत नाही. त्यात पेशी शिरतात, कोलॅजन, म्हणजे व्रणातलं घट्ट प्रथिन, तयार होतं, रक्तवाहिन्याही येतात आणि साधारण आठवड्याभरात कायमची दोरी तयार होते. रक्तपुरवठ्याचं हे महत्त्व उंदरांमुळेच कळलं. ब्रिटिश सर्जन हॅरॉल्ड एलिस यांनी १९६२ साली दाखवलं की अस्तराची उघडी जखम तशीच सोडली तर ती बहुतेक वेळा न चिकटता भरते, आणि ओढून शिवली की तिथला रक्तपुरवठा कमी पडून चिकटते. पेरिटोनियम शिवलंच पाहिजे हा आग्रह मागे पडण्यात अशा प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

आता तिला प्रत्यक्षात काय करावं लागेल ते सांगते, कारण लांबून हे काम वेगळंच दिसतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मॉडेल पांढऱ्या उंदराचं, म्हणजे रॅटचं. भूल द्यायची, पोटावरचे केस काढायचे, मधोमध छेद घ्यायचा. सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, अलगद बाहेर काढून कोरड्या गॉजनं घासायची, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. समोरच्या पोटाच्या भिंतीवर ठरलेल्या मापाचा तुकडा खरवडायचा आणि पोट शिवायचं. एक-दोन आठवड्यांनी त्या उंदराला वेदना न होऊ देता मारून पोट उघडायचं आणि चिकटण्याला गुण द्यायचे : काहीच नाही तर शून्य, सहज सुटतं तर कमी, कापल्याशिवाय सुटत नाही तर जास्त. गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध मिळालं होतं हे माहीत नसतं. सशाच्या गर्भाशयाच्या शिंगांवरही, म्हणजे त्याच्या दोन लांब फाट्यांवरही, असे प्रयोग होतात, दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी डुक्कर वापरतात. पण उंदराचं पोट माणसाचं नाही. उंदरात छान चाललेली औषधं माणसात येऊन फसतात, हे या क्षेत्रात कायमचं दुखणं आहे.

तो उंदीर जिवंत परत जात नाही, हे मी तिच्यापासून लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. तरीही माझं मत असं की उंदीर पिंजऱ्यात धरून दूर सोडणारी मुलगीच इथे हवी. एक उदाहरण देते. ऑपरेशननंतर उंदराला वेदनाशामक द्यायलाच हवं. पण मेलॉक्सिकॅमच्या गटातली औषधं सूज कमी करतात आणि त्यामुळे चिकटणंही कमी होऊ शकतं, म्हणजे प्रयोगाचं उत्तरच बिघडू शकतं. मग वेदनाशामक टाळायचं? मुळीच नाही. दुसऱ्या गटाचं औषध निवडायचं, किंवा सगळ्या गटांना सारखंच देऊन त्याचा हिशेब ठेवायचा. हा निर्णय प्राण्याची वेदना ओळखणारा माणूसच नीट घेऊ शकतो. कमी उंदरांत काम कसं भागेल, प्राण्याऐवजी पेशींवर काय पाहता येईल, हे विचारणाराही तोच. अनेकदा घासणाऱ्याचा हात बदलला की निकाल बदलतो. हात पक्का असेल तर तेवढे उंदीर वाया जात नाहीत.

कायदाही पशुवैद्याला जागा देतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ चे नियम आहेत. त्यानुसार प्रयोग करणाऱ्या संस्थेची नोंदणी केंद्राच्या समितीकडे, म्हणजे आजच्या सीसीएसईएकडे, लागते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत एक पशुवैद्य असतोच, आणि समितीच्या मंजुरीशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही.

यासाठी तिला गुराढोरांपासून तुटावंही लागणार नाही. गाय वैरणीबरोबर तार किंवा खिळा गिळते, तो जाळीपोटातून, म्हणजे गाईच्या पोटाच्या एका कप्प्यातून, आरपार जातो आणि आजूबाजूचे अवयव चिकटून बसतात. अशा गाई कॉलेजच्या दवाखान्यात तिनं पाहिल्या असतील. घोड्यांमध्ये पोटशूळाच्या ऑपरेशननंतर हेच होऊ शकतं. माणसांसाठी केलेलं हे काम या जनावरांच्याही उपयोगी पडू शकतं. माणसासाठी जनावर वापरल्याची बोच तिला असेल, तर ही बाजू तिला नक्की दाखवा.

पोटापाण्याचं थोडक्यात. औषध कंपन्या, त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबादकडच्या प्रयोगशाळा, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या आणि मोठ्या संस्थांची प्राणिगृहं, इथे एम.व्ही.एस्सी. झालेले पशुवैद्य लागतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वैद्यकीय उपकरणांवर काम चालतं, हैदराबादला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, प्राणी संसाधन सुविधा आहे. नागपुरात राहून मात्र या कामाच्या जागा थोड्या, तेव्हा गाव सोडायची तयारी हवी. बाबांना सांगा, पदवी तीच आहे. दवाखाना किंवा एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, ही दोन्ही दारं नंतरही उघडी राहतात.

मला घाई एकाच गोष्टीची वाटते. इंटर्नशिपच्या वर्षात तिनं परवानगी घेऊन एखाद्या नोंदणीकृत प्राणिगृहात काही आठवडे काढावेत. पिंजरे धुण्यापासून ऑपरेशननंतरच्या रात्रीच्या फेरीपर्यंत सगळं करावं. ते करून झोप नीट लागली तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी, बरेलीजवळच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचाही विचार करावा. विषयाच्या पसंतीत मी सर्जरी पहिली लिहायला सांगेन, पॅथॉलॉजी दुसरी, कारण चिकटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली वाचता आला नाही तर हे संशोधन अर्धंच राहतं. झोप लागली नाही, तर धरमपेठेचा दवाखाना तिनं मनापासून टाकावा, आणि बाबांनी जागा शोधायला मदत करावी.