आधी छेद बघ

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "सर, आमच्या अभ्यासिकेतल्या दादाची यूपीएससीच्या पाचव्या अटेम्प्टला पोस्ट निघाली, मग माझी का नाही निघणार?" तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मेहनतीबद्दल मी काही बोलत नाही, ती तू करतोयसच.

पण तो दादाच का आठवला तुला? कारण त्याचा फ्लेक्स लागला, सत्कार झाला, क्लासवाल्यांनी भाषण ठेवलं, आणि त्याच्याच शेजारी बसून तेवढंच वाचणारे जे कॉट सोडून गुपचूप गावी गेले त्यांचा फ्लेक्स कोण लावणार? जे पटकन आठवतं ते जास्त वेळा घडत असणार असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं, डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे 1970च्या दशकातच प्रयोग करून दाखवलंय. म्हणून म्हणतो, आधी छेद बघ, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा: निघाले किती ते नंतर, आधी बसले होते किती ते बघ.

आणि हे हुशारीवर नसतं रे. कानेमन स्वतः इस्रायलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते, टीममधले सगळे म्हणाले दोनेक वर्षांत होईल. मग त्यांनी टीममधल्याच एका तज्ज्ञाला विचारलं, अशा बाकीच्या टीम्सचं काय झालं? तो म्हणाला, 40 टक्के टीम्सचं काम पूर्णच झालं नाही, उरलेल्यांना 7 ते 10 वर्षं लागली. त्याला हे माहीत होतं, तरी 2 वर्षंच म्हणाला होता! काम चालूच ठेवलं, 8 वर्षं गेली.

आता तुझं बघू. यूपीएससी 2023 ची प्रिलिम दिली 5 लाख 92 हजार जणांनी, शिफारस झाली 1,016 जणांची, म्हणजे 583 जणांत 1. थांब, लगेच खचू नकोस, हा छेद सगळ्यांना लागू नाही. मेन्सला पोचले 14,624, तिथून बघितलं तर साधारण 14 जणांत 1. इंटरव्ह्यूला 2,855, तिथे जवळपास तिघांत 1. तू यातल्या कुठल्या रांगेत उभा आहेस ते सांग ना! तीनदा प्रिलिमलाच अडकलेला माणूस इंटरव्ह्यूवाल्या दादाशी स्वतःची तुलना करतो आणि मग त्याला आशा म्हणतो, याचा मला राग येतो.

मी परीक्षा सोडली तेव्हा गावात म्हणाले, घाबरला. घाबरलो नव्हतो, छेद बघितला होता, आणि आजही तेच करीन. लोक मला निगेटिव्ह म्हणतात, म्हणू देत. खंत एवढीच की परीक्षेच्या तयारीला पेठेत आलो तेव्हा हे मला कोणी विचारलंच नाही, वयाची ती वर्षं परत येत नाहीत.

घातलेली वर्षं आणि वडिलांनी विकलेलं रान यात धरू नकोस, ते तू थांबलास तरी गेलंय आणि पुढे गेलास तरी गेलंय.

तू सोडच असं मी म्हणत नाहीये. तिन्ही प्रिलिमचे मार्क आणि त्या-त्या वर्षीचा कट-ऑफ शेजारी शेजारी लिहून रविवारपर्यंत पाठव, अंतर कमी होतंय का ते बघू आणि मग चौथ्या फॉर्मचं बोलू.