आवाज वाढला म्हणजे गाडी पळाली असं नाही

या वेळी टू-स्ट्रोकवाल्यांची पत्रं जास्त आलीत. त्यातली सायलेन्सरची चार एकत्र घेतोय, पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या तिघांचं मूळही बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न : वडिलांची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० आहे. इंजिनचं काम करून घेतलं, बोअर नवीन केला आणि कोल्हापूरहून एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे सायलेन्सरच्या जागी लागणारा मधे फुगीर पाईप, आणून बसवला. आवाज भारी येतोय, मोकळ्या रस्त्याला एकदम पळाल्यासारखी वाटतेय, खरं तवंदी घाटात मित्राची ओरिजिनल सायलेन्सरवाली गाडी मागून येऊन पुढे जातेय. मेस्त्री म्हणतोय पाईप बरोबर आहे, तुलाच चालवायला येईना. नेमकं तपासायचं कसं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चालवण्यात तुमची काही चूक नाही हो. तुमची गाडी घाटात जे करतेय ते त्या पाईपच्या लांबीमुळे करतेय असा माझा अंदाज आहे, आणि तो तुम्हाला घरी शिवणाच्या टेपनं तपासता येईल.

आधी हे बघा की टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे धूर सोडणारे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, पिस्टन खाली गेला की पोर्ट उघडं, वर आला की बंद, आणि एक्झॉस्ट पोर्ट सगळ्यात शेवटी बंद होतं, त्यामुळे आत आलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं बाहेर सांडणारच. ते सांडलेलं परत आत ढकलायचं काम पाईप करतो. पोर्ट उघडल्याबरोबर दाबाची एक लाट पाईपमधून सुटते, विहिरीत हाक मारल्यावर आवाज जसा परत येतो तशी ती परत येते. पाईप जिथे रुंदावतो तिथून ओढणारी लाट येते, ती जळका धूर खेचून काढते आणि तिच्यामागोमाग थोडं ताजं मिश्रणही पाईपमध्ये येतं, मग पाईप शेवटी जिथे निमुळता होतो तिथे आपटून दाबाची लाट उलटी येते आणि पोर्ट बंद व्हायच्या अगदी आधी ते मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते. सगळा खेळ वेळेचा. पूर्व जर्मनीतल्या एमझेडच्या वॉल्टर काडेन यांनी हे गणित रेसिंगमध्ये इतकं पक्कं बसवलं की १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिननं २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि १९६२ ला सुझुकीनं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं. आपल्याकडच्या प्रत्येक चेंबरच्या पोटात काडेन यांचं डोकं आहे, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

आता तुमची गाडी. कंपनीचा आकडा ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, ७५०० आरपीएमला. ७५०० म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. एक्झॉस्ट पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं धरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास पळते, तेवढ्या वेळात २ मीटर, जाऊन येऊन. म्हणजे सिलिंडरपासून मागच्या निमुळत्या कोनाच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण १ मीटर पाहिजे. हेच १०,००० आरपीएमसाठी काढलं तर ७५ सेंटिमीटर येतं. टेप घ्या, बेंड पाईपच्या वळणावरून मधोमध धरून मोजा. ७५-८० च्या घरात आलं तर तो पाईप शर्यतीच्या इंजिनसाठी केलाय, तुमच्या नाही. घाटात तिसऱ्या गियरला ४५००-५००० वर गाडी असते तेव्हा अशा छोट्या पाईपमधली लाट फार लवकर परत येते, आत अजून ताजं मिश्रण येतंय तोवरच येऊन धडकते आणि त्याला उलटं अडवते. म्हणून ओढेना. मोकळ्या रस्त्याला रेस वर गेली की एकदम लाथ बसल्यासारखी उचलते आणि आपल्याला वाटतं ताकद वाढली. खरं तर खालची गेली म्हणून वरची जास्त जाणवते.

तपासायचं स्टॉपवॉचनं. कानावर आणि बुडावर अजिबात विश्वास ठेवू नका, मी स्वतः फसलोय. जुन्या मीटरवरही नको, मोबाईल हँडलला पक्का बांधा, जीपीएसचा स्पीड दाखवणारं ॲप लावा आणि स्क्रीन रेकॉर्ड करा, वेळ नंतर घरी बसून काढा. चौथ्या गियरला ४० वर स्थिर यायचं, पूर्ण रेस द्यायची, ८० पर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं. हायवेवर मुळीच नको, पहाटे मोकळा असणारा सरळ सपाट रस्ता बघा, हेल्मेट जाकीट घालून. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, कारण वारा आणि न दिसणारा उतार दोन्ही बाजूनं वाटला गेला पाहिजे. तोच माणूस, तेवढंच पेट्रोल, टायरची हवा तीच, इंजिन तेवढंच गरम, आणि एका वेळी एकच बदल. पाईप बदलला आणि त्याच दिवशी जेटही (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलला तर कुणामुळे काय झालं कुणाला सांगता येणार? मग तवंदीतलाच एक ठरलेला चढ, तिसरा गियर, ४० ला सुरुवात, वर पोचताना किती स्पीड उरला ते लिहा. वहीत लिहा खरंच, डोक्यात ठेवू नका.

पाईप बदलल्यावर मेन जेट तोच ठेवला असेल तर त्याकडेही बघा. पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा, गाडी तशीच घरंगळत बाजूला घ्या आणि प्लग काढा. दुधाच्या चहासारखा रंग चांगला, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, आणि पांढरा दिसला तर तिथेच थांबा, पुढचा टप्पा पिस्टन जाम. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, ही गोष्ट १९९२ च्या गाडीला कुणी सांगितलेली नाही.

आणि सगळ्यात आधी एक करा, वडिलांचा ओरिजिनल सायलेन्सर माळ्यावर असेल तर खाली काढा. माझ्या हातून गेलेल्या एका आरएक्सचं सांगतो. मालकाला नवा चेंबरच पाहिजे होता. मी म्हटलं आधी जाळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतला भोकाभोकांचा भाग, काढून बघू. मागचा बोल्ट काढला, जाळी हलेना, पकडीनं फिरवून फिरवून ओढली तेव्हा आली, डांबरात बुडवून काढल्यासारखी, भोकांत आगपेटीची काडी जाईना. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी काजळी पापुद्र्यानं सुटली. ४० ते ८० ला आधी साडेबारा सेकंद लागत होते, नंतर साडेनऊ. मालक चेंबर न घेता गेला. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, आणि ॲल्युमिनियमच्या कुठल्याही पार्टला तो लावायचा नाही, खाऊन टाकतो.

तरीही चेंबरच पाहिजे असेल तर तयार आणण्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबागेत पत्राकाम करणारे आहेत, त्यांच्याकडून आपल्या मापानं कोन वळवून वेल्ड करून घ्या. आधी कागदाचे कोन कापून गाडीला धरून बघा. शेवटची बारीक नळी फार बारीक करू नका, धूर कोंडतो आणि पिस्टन तापतो.

प्रश्न : म्हापशातून सेकंडहँड आरएक्स १३५ आणली, तिथे मस्त चालत होती, चोर्ला चढून बेळगावला आणल्यापासून जड झालीय, प्लगही काळा पडतोय. फसवणूक झाली काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : फसवणूक झाली असं मला तरी वाटत नाही. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब इथे किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. हवा विरळ, जेट मात्र तोच, म्हणून पेट्रोल जास्त पडतंय. आधी एअर फिल्टर धुवा, मग कार्ब्युरेटरमधल्या निडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर घ्या म्हणजे निडल खाली बसेल, तेवढ्यावर नाही भागलं तरच मेन जेट एक नंबर लहान. आणि परत गोव्याला जाताना हे उलटं करायचं विसरू नका, समुद्राकाठी पातळ मिश्रणावर फुल रेस मारली तर इंजिन जाम होईल.

प्रश्न : काका, सायलेन्सरची जाळीच काढून टाकली तर पॉवर वाढतेय काय? कॉलेजात सगळे काढतात.
— एक वाचक, वडगाव

उत्तर : नाही बाळा. जाळी आणि मागची नळी धरूनच पाईपमधला दाब ठरलेला असतो, ती काढली की बहुतेक वेळा खालची ओढ जाते आणि आवाज तेवढा वाढतो. तू वर सांगितल्यासारखं घड्याळ लावून बघच, जाळीसकट आणि जाळीशिवाय, आकडा तुलाच दिसेल. तुमच्याकडच्या गल्ल्यांमध्ये घरं समोरासमोर आहेत, आत कुणी आजारी असतं, कुणाचं लेकरू नुकतं झोपलेलं असतं, त्यांचा विचार कर. सायलेन्सर शाबूत असणं कायद्यानंही बंधनकारक आहे, पोलिसांनी अडवलं तर काढलेली जाळी खिशातून दाखवून भागत नाही.

प्रश्न : येझदी रोडकिंगचा डावा सायलेन्सर जास्त धूर सोडतोय, उजवा जवळजवळ कोरडा. सिलिंडर तर एकच आहे ना?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : सिलिंडर एकच, पण त्याला एक्झॉस्ट पोर्ट दोन. म्हैसूरच्या कारखान्यातली ही रचना मला फार आवडते, १९९६ ला तो बंद पडला तेव्हा आमच्यासारख्यांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं. धूर जिथून सोपं तिथून जातो, त्यामुळे उजवीकडे कोंडलंय असं धरून चला. इंजिन थंड असताना सुरू करा, दोन्ही तोंडांमागे वीतभर अंतरावर कागदाची पट्टी धरा, कुठली जास्त फडफडते ते लगेच कळेल. मग दोन्ही बाजूच्या जाळ्या काढा, नुसती उजवी नको, आणि सिलिंडरमधल्या उजव्या पोर्टच्या तोंडाशी काजळी साठलीय का बघा, पिस्टन वर आणून पोर्ट झाकून मगच लाकडी काडीनं खरवडा, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. टू-स्ट्रोकचं (२टी) ऑईल पेट्रोलच्या लिटरला ३० मिलीच्या आसपास ठेवा, अंदाजानं ओतू नका, मापाचं झाकण वापरा. जोडताना बेंड पाईपची रिंग नवी घाला, नट आधी हातानं आटे नीट बसवून फिरवा आणि मगच हुक पान्यानं आवळा, जबरदस्तीनं आवळला तर सिलिंडरचे आटे जातात आणि ते काम महागात पडतं. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर इंजिन थंड झालं की पुन्हा एकदा आवळा.