एक सीझन फसला म्हणून पिचर संपतो का?

प्रश्न : नमस्कार सर, मुलगा न्यू जर्सीला असतो, मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला गेले होते तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्यासोबत बेसबॉल बघता बघता मलाच नाद लागला, आता पुण्यात पहाटे उठून मॅच लावते. पण आमचा लाडका पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) गेल्या सीझनला पार आपटला, ईआरए साडेपाचच्या वर! मुलगा म्हणतो, "आई, तो संपला आता." एवढा पडलेला पिचर परत उभा राहतो का हो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, राहतो. सगळेच नाही राहत, पण "संपला" म्हणायची घाई करू नका.

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे, म्हणजे साधारण एका पूर्ण मॅचमागे, पिचरच्या खात्यावर पडलेले रन; जितका कमी तितका चांगला. रॉय हॅलडेचा २००० साली टोरांटो ब्लू जेजकडून ईआरए किती होता माहितीये? १०.६४! आणि हा तोच पोरगा, ज्याची १९९८ मध्ये करिअरच्या दुसऱ्याच स्टार्टला (म्हणजे सुरुवातीपासून पिचिंग केलेल्या मॅचला) नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेली मॅच, फक्त एका आऊटने हुकली होती. २००१ मध्ये टीमने त्याला थेट फ्लोरिडात डनीडनला पाठवलं, क्लास ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या तीन पायऱ्या खाली, शिकाऊ पोरांमध्ये. मेजर लीग खेळून आलेल्या माणसाला काय वाटलं असेल विचार करा. तिथे मेल क्वीन नावाच्या जुन्या कोचने त्याचा हातच बदलला. आधी तो खूप वरून टाकायचा, फास्टबॉल वेगात यायचा पण सरळ, बॅट्समनला आरामात दिसायचा. क्वीनने हात खाली आणला आणि सरळ फास्टबॉलच्या जागी सिंकर आणि कटर आले, म्हणजे एक शेवटच्या क्षणी खाली बुडणारा आणि एक बाजूला सरकणारा. त्याच काळात बायकोने त्याला खेळाडूंच्या मनावर काम करणाऱ्या हार्वी डॉर्फमनचं पुस्तक आणून दिलं, ते त्याने अक्षरशः घोटलं. २००३ ला २२ विजय आणि साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. २०१० ला फिलाडेल्फियाकडून परफेक्ट गेम, म्हणजे एकाही बॅट्समनला बेसवर पोचू न देता संपवलेली मॅच, आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये नो-हिटर. मला आजही हे आठवलं की भरून येतं.

क्लिफ लीचंही तसंच. २००७ ला पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने सीझनची सुरुवातच बिघडली, ईआरए ६.२९, मधेच मायनर लीगला, म्हणजे खालच्या लीगला, रवानगी. पुढच्याच वर्षी २२ विजय, फक्त ३ पराभव, ईआरए २.५४! २२३ इनिंगमध्ये फक्त ३४ वॉक (चार खराब बॉल टाकून बॅट्समनला फुकट दिलेला बेस) दिले.

पण टिम लिन्सकमचं नाही झालं. २००८ आणि २००९ ला साय यंग, मग २०१२ ला ईआरए ५.१८. नंतर पाड्रेज टीमविरुद्ध २०१३ ला एक आणि २०१४ ला एक अशा दोन नो-हिटर टाकल्या, म्हणजे जादू होती अजून, पण अख्ख्या सीझनला ईआरए चारच्या खाली कधीच आला नाही. कारण त्याचा वेगच उतरला होता, आणि गेलेला वेग परत आणणं फार अवघड.

म्हणून मी आधी कारण शोधतो. दुखापत होती का, आणि ती बरी झाली का? वेग टिकून आहे का? स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन) पूर्वीइतकेच आहेत आणि वॉक वाढले नाहीत, तरी रन पडतायत, तर बऱ्याचदा फील्डिंग आणि नशीब आड आलेलं असतं, कारण बॅटला लागलेला बॉल कुठे पडणार हे पिचरच्या हातात फारसं नसतं. असा पिचर मी तरी सोडणार नाही. वेग ताशी दोन-तीन मैलांनी उतरलाय आणि स्ट्राइकआऊटही घटलेत, तर मात्र मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे, मग त्याला लिन्सकमसारखं अडकायचं नसेल तर हॅलडेसारखं स्वतःला नव्याने घडवावं लागेल.

एप्रिलमध्ये पहिले चार-पाच स्टार्ट बघताना स्क्रीनवर येणारा वेग आणि वॉक वहीत लिहून ठेवा, ईआरएकडे तेव्हा बघूच नका, दोन खराब इनिंगनी तो एवढा फुगतो की काहीच कळत नाही. मे संपला की ती वही मुलाला दाखवा, आणि मलाही कळवा.