आधी पॅड बदल, डिस्क नंतर बघू

पोर्शेची केमन स्पोर्ट्स कार घेतलीस, अभिनंदन. पण पहिल्या ट्रॅक-डेआधीच (म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाआधीच) मोठ्या ब्रेक डिस्कच्या मागे धावू नकोस. कंपनीच्या ओतीव लोखंडी डिस्क चांगल्या असतात. आधी मरतात ते डिस्कला दाबून धरणारे पॅड आणि ब्रेक ऑइल.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर मागची सरळ पट्टी किलोमीटरभर लांब आहे. तिच्या शेवटी दर फेरीला जोरदार ब्रेक लागतो. तिथे रोजच्या रस्त्यासाठीचे पॅड तापून पकड सोडतात. म्हणून सरसकट रेसिंग पॅड घ्यावेत का? नाही. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडतानाच तुला ते कळेल. शिवाय किंचाळतात, चाकं काळी करतात ते वेगळंच. फेरोडो डीएस २५०० सारखा मधला पॅड तुला पुरेल.

डिस्क बदलायची वेळ आलीच, तर खाचांची घे. भोकांची दिसते झकास, पण ट्रॅकच्या उष्णतेत भोकांच्या कडेपासून तडे जातात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून घे. कार्बन-सिरॅमिकचा विचारही नको. वजन निम्मं, पण किंमत ऐकून घरचे बोलणं टाकतील.

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. मी एकदा जुन्याच ऑइलवर गेलो होतो. तिसऱ्या फेरीत पेडल थेट तळाला!

नवे पॅड बसवलेस की आधी बेडिंग कर, म्हणजे पॅड डिस्कवर नीट रुळव. गाडी पूर्ण न थांबवता आठ-दहा वेळा ब्रेक लाव, मग सावकाश थंड होऊ दे. आणि गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढू नकोस.